जळगावचं डेक दुरुस्तीचं दुकान: मीटरवर बरोबर, आईच्या कानाला चूक

आधी कामाचं सांगतो. दुकान जळगावात, गोलाणी मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर. पाटी नाही. बाहेर उघडे पडलेले तीन-चार अ‍ॅम्प्लिफायर दिसले की तेच. टेप, डेक, रेकॉर्ड प्लेअर, जुने रेडिओ, लग्नातले बॉक्स, सगळं दुरुस्त होतं. बिल मिळत नाही. "गुरुवारी या" म्हणजे पुढच्या सोमवारी. गाडी लावायला जागा शोधू नका, नाहीये. एवढं सोसायची तयारी असेल तर पुढचं वाचा.

मी अमळनेरला हायस्कुलात गणित शिकवतो. गेल्या तीन वर्षांत मला साउंड सिस्टिमचा नाद लागला. लोकांना मी सांगायचो की गाण्याचा नाद आहे, आणि स्वतःलाही तेच सांगत होतो. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचा आवाज करणारी डबी), तारा मिळून बासष्ट हजार गेले. त्यात साडेचार हजारांची तर नुसती स्पीकरची वायर! या काळात मी ख्याल किती ऐकले? सुरुवातीचे तानपुरे ऐकायचो, तबला डावीकडून येतो की मधून ते बघायचो, आणि बंदिश समेवर यायच्या आत वायर बदलायला उठायचो. बायकोनं एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "तुमचा राग पुरा कधी होतो हो?" जळगावला बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव होतो, तिथंही गेलो होतो. कोणता राग झाला ते आठवत नाही. गायिकेपुढे माइक कोणता होता ते आठवतं.

तर माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून बारीक घूंऽऽ असा आवाज यायचा. इंटरनेटवर वाचून सहा हजारांची पॉवर स्ट्रिप आणली, तरी घूं कायम. शेवटी गोधडीत गुंडाळून ते नऊ किलोचं धूड सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीत टाकलं आणि धरणगाव, पाळधी करत या दुकानात आणलं. दुकानवाल्या दादांनी स्पीकरला कान लावला. मोजून चार सेकंद. म्हणाले, "सर, हा शंभरचा आहे, पन्नासचा नाही."

मला कळलं नाही, म्हणून त्यांनी समजावलं. घरातली वीज पन्नास हर्ट्झची. घूं पन्नासचा असला तर बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ किंवा बाहेरून शिरलेला आवाज. पण एसीची डीसी करताना लहरीचे वरचा-खालचा असे दोन्ही अर्धे वापरले जातात, त्यामुळे तिथली लहर शंभरची होते. ती गाळायचं काम मोठ्या कंडेन्सरचं. ते थकले की शंभर ऐकू येतो. झाकण काढलं तर दोन कंडेन्सर डोक्यावर फुगलेले. नवे टाकले, डाग दिले, तीनशे चाळीस रुपये. घूं गेला. माझी पॉवर स्ट्रिप त्यांनी हातात घेऊन बघितली आणि काही न बोलता परत दिली. ते न बोलणं मला फार लागलं.

हे दादा घरी काय ऐकत असतील, या उत्सुकतेनं विचारलं. "घरी कशाला? दिवसभर इथे आवाजच आवाज." दुकानात चाचणीला प्लायचा एक बॉक्स, ४४४० आयसीची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपची, घरगुती बनावटीची किट, आणि घासून पांढरी पडलेली बँडची एकच कॅसेट. त्या कॅसेटवर काय वाजतं हे विचारलं तर सांगता येणार नाही, पण तिच्यावर कुठे खरखर आहे ते पाठ. गाण्याशी या माणसाचं काही देणंघेणं नाही. यंत्रावर मात्र जीव आहे, आणि तो जीव संगीताच्या नावावर खपवायची त्यांना गरज पडत नाही. मला पडायची.

दुसरी फेरी डेकसाठी. आमच्याकडे एक कॅसेट आहे. १९८९ साली श्रावणात आमच्या अंगणात कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचं, जागरण झालं, त्यात आई आणि गल्लीतल्या बाया रात्रभर गाणी म्हणत होत्या. मी तेव्हा सातवीत. मामाचा टेप सुरू करायचं काम माझ्याकडे होतं. आता जुना डेक घेतला तर त्याचा बेल्ट पार डांबर झालेला. दादांनी बेल्ट बदलला, पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) घासला, हेड स्पिरिटनं पुसलं. मग चाचणीची टेप लावली, तिच्यावर तीन हजार हर्ट्झचा एकच सूर असतो. मोटरच्या बुडाशी बारीक भोक असतं, त्यात पेचकस घालून मीटरवर बरोबर ३,००० आणले. साडेसहाशे रुपये. मी खूश.

घरी कॅसेट लावली. आई दळण निवडत होती. अर्धं कडवं ऐकून म्हणाली, "हाऊ मना आवाज नही."

मी मीटरचं सांगितलं. तिनं सूप आपटलं. एवढ्या वरच्या पट्टीत आम्ही कधी म्हटलंच नाही, पोरींसारखा आवाज येतोय म्हणाली.

पुढच्या शनिवारी डेक आणि कॅसेट घेऊन परत जळगाव. दादा जरा रागावलेच, "सर, तीन हजार म्हणजे तीन हजार." मी कॅसेट लावली. बी बाजू त्यांनी पुढे-मागे करून दोनदा ऐकली. गाणं नाही हं, सुरुवातीच्या आणि शेवटच्या आरतीतली घंटी. मग खुर्चीत मागे रेलले. "बाया चढतील सर, रंगात आल्या की. पण घंटी कशी चढेल?" सुरुवातीची घंटी आणि शेवटची घंटी, वस्तू एकच आणि सूर दोन. मग त्यांनी विचारलं, टेप लाइटवर होता की सेलवर? मला लख्ख आठवलं, लाइट गेली होती. मामानं चार मोठे सेल घातले होते, तेही टॉर्चमधले काढून. दादा हसले, "भो, सेल उतरेल व्हतात!"

म्हणजे असं. रेकॉर्ड करताना सेल उतरत गेले आणि मोटर मंदावत गेली. मंद गतीनं भरलेली टेप बरोबर गतीनं वाजवली की आवाज चढतो, आणि सेल जितके जास्त उतरलेले तितका जास्त चढतो. डेक चुकत नव्हता. चूक चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीची, आणि ती करणारा मी.

मग आईला फोन लावला आणि बॉक्ससमोर धरला. दादा पेचकस फिरवतायत, पलीकडून आई "आजून खाले, आजून" म्हणतेय. असं कितीतरी वेळ चाललं. दुकानात आलेला एक पोरगा आपला ब्लूटूथ हातात धरून नुसता बघत राहिला. शेवटी फोनमधून आलं, "आते बरं लागस." दादांनी त्याच गतीवर चाचणीची टेप लावून मीटर बघितला, २,८३०. मी मनातल्या मनात ३,००० ला त्यानं भागलं, १.०६. पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांत एवढाच फरक, म्हणजे बरोबर एक पट्टी खाली, काळी दोनवरून पांढरी दोन. आईला हर्ट्झ माहीत नाही, पेटीही येत नाही.

"मावशींचा कान विकत मिळतो का कुठे?" असं दादांनी विचारलं. त्यांच्या तोंडून कशाचीही तारीफ मी तेवढी एकदाच ऐकली. डेकच्या मागच्या पत्र्याला त्यांनी ड्रिलनं एक भोक पाडून दिलं, पेचकस थेट मोटरपर्यंत जावा म्हणून. त्याचे पैसे घेतले नाहीत. पेचकसाचे मात्र तीस घेतले.

आता तक्रारी. कॅसेटची पेटी त्यांनी हरवली, ती मिळाली नाही. फोन उचलत नाहीत. रेकॉर्ड प्लेअरची सुई मागवायला सांगितली होती, त्याला दोन महिने झाले. नवीन, महागड्या वस्तूंबद्दल सल्ला विचारू नका. त्यांना जे उघडता येत नाही त्यात रस नाही, आणि ते तोंडावर सांगतात.

साडेचार हजारांची वायर विकणे आहे. जळगाव-अमळनेरात कुणाला हवी असल्यास बाराशेत देईन. डेक मात्र देणार नाही. रविवारी दुपारी आई ती कॅसेट लावायला सांगते, आणि मला डेकच्या मागे पेचकस घेऊन बसवते. बी बाजूला मधल्या आरतीनंतर सेल आणखी उतरतात, तिथं अर्धा वेढा खाली घ्यावा लागतो. परवा मी गाणं ऐकत राहिलो आणि फिरवायचं विसरलो. आईनं पलंगावरूनच चप्पल दाखवली.