कार अ‍ॅम्प बसवताना कार्पेटखाली होणारी फसवणूक

गाडीत वूफर (खोल आवाजाचा स्पीकर) आणि अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) बसवताना लोक भावासाठी घासाघीस करतात, पण अ‍ॅम्प कुठे बसवायचा हे दुकानदारावर सोडतात. "सीटखाली टाकतो साहेब, दिसणारसुद्धा नाही," असं तो म्हणाला की सावध व्हा. सीटखालची जागा मुळात वाईट नाही. पण कार्पेट पुन्हा बसवलं की खाली काय टाकलंय ते कोणी बघत नाही.

अशा फसवणुकीत नेहमी सापडणारा प्रकार असा. बिलावर ४ गेजची 'प्युअर कॉपर' वायर, ५ मीटर, बॅटरीजवळ फ्यूज. कार्पेट उचललं की निघते ८ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक), आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. वरचं प्लास्टिक जाड असल्याने फसायला होतं. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. तेवढ्याच जाडीत ती तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश करंट वाहते.

त्याहून वाईट म्हणजे वायर बॅटरीपर्यंत नेलेलीच नसते. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समधून १५-२० अँपिअरच्या लाइनवर ४० अँपिअरचा अ‍ॅम्प जोडलेला असतो. आवाज वाढवला की फ्यूज उडतो. तक्रार केली की मोठा फ्यूज घालून देतात, आणि मग फ्यूजऐवजी वायर जळते. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो, वायरला नाही. वायरीसाठी फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आतच हवा.

अ‍ॅम्पवर '३००० वॅट' छापलेलं असतं, त्याला भुलू नका. अ‍ॅम्पवरचे फ्यूज बघा. २५ अँपिअरचे दोन असतील तर ५० गुणिले १४ व्होल्ट, म्हणजे आत जाणारेच ७०० वॅट. बाहेर त्याहून कमीच येणार.

आता जागा. सीटखाली बसवायचा तर आधी सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू देऊ नका. पावसाळ्यात ओल्या चपला आणि तुंबलेल्या एसीच्या नळीचं पाणी तिथेच साचतं, म्हणून अ‍ॅम्प कार्पेटवर आडवा न टाकता थोडा उचलून, भोवती हवा खेळेल असा बसवा. फ्लोअरमध्ये डोळे झाकून स्क्रू मारू देऊ नका. खालून ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या जातात, आणि पुष्कळ हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली टाकीच असते. डिकीत मागच्या सीटच्या पाठीला १२ मिलिमीटर प्लाय बोल्टने लावून त्यावर अ‍ॅम्प, ही सर्वांत भरवशाची जागा. वूफरच्या बॉक्सवर नको, हादऱ्यांनी सोल्डर सुटतं. उलटा टांगूनही नको, उष्णता वर चढून त्याच्यातच कोंडते. सीएनजी गाडीत सिलिंडरच्या ब्रॅकेटला ड्रिल लावायचं नाही.

अर्थची वायर अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने लावायची. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नये.

एस्टिमेटवर जागा, गेज, 'कॉपर', मीटर आणि फ्यूजची जागा लिहून घ्या. कार्पेट बसवण्याआधी फोटो काढा. शेवटी इंजिन चालू ठेवून, आवाज मोठा करून, मल्टिमीटरने बॅटरीवरचा आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज मोजायला लावा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर राहिलेले पैसे देण्याआधी कार्पेट पुन्हा उचलायला सांगा.