आयएफ-ई९६, आयएफ-डी९२ आणि प्लास्टिक फायबर: श्वास मोजणाऱ्या पट्ट्यासाठी ही जोडी कशी आहे?

इंडस्ट्रियल फायबर ऑप्टिक्स या अमेरिकी कंपनीचा आयएफ-ई९६ हा लाल एलईडी आहे आणि आयएफ-डी९२ हा फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे पडलेल्या प्रकाशाप्रमाणे वीज कमी-जास्त सोडणारा भाग. एलईडी एका टोकाला, फोटोट्रान्झिस्टर दुसऱ्या टोकाला आणि मध्ये प्रकाश वाहून नेणारा प्लास्टिकचा बारीक धागा, म्हणजे फायबर. दोन्ही प्लास्टिकच्या छोट्या घरात बसवलेले येतात. १ मि.मी. गाभ्याचं, २.२ मि.मी. आवरणाचं प्लास्टिक फायबर आत सरकवायचं आणि नट आवळायचा. कनेक्टर लागत नाही, इपॉक्सी लागत नाही. छातीवर किंवा पोटावर बांधायच्या पट्ट्यातून मिनिटाला किती श्वास होतात एवढंच मोजायचं असेल तर ही जोडी उत्तम. नाडी, रक्तदाब किंवा श्वासातल्या हवेचं माप हवं असेल तर दुसरं काहीतरी शोधा.

जोडी चांगली असली तरी पट्टा बिघडतो तो शिवणीमुळे आणि वाकणीमुळे. फायबर श्वास मोजत नाही, स्वतःचा बाक मोजतं. त्यामुळे निम्म्याहून जास्त मेहनत कापडावर करावी लागते.

फायबर ताणत नाही, म्हणून ते सरळ ठेवून चालत नाही. पट्टा निवारीचा, न ताणणारा घ्यावा आणि त्यात मध्ये १० सें.मी. इलॅस्टिकचा तुकडा जोडावा. त्या तुकड्यावर फायबर नागमोडी बसवायचं, वळणांची त्रिज्या साधारण १० मि.मी. छाती फुगली की इलॅस्टिक ताणतं, वळणं सैल होतात आणि पलीकडे पोचणारा प्रकाश वाढतो. फायबरमधून टाका घालू नये. आतून नेफा शिवून त्यात फायबर सोडावं आणि फक्त दोन टोकांना पकडावं. मध्ये कुठे पकडलं तर वळण तिथेच अडकतं आणि आलेख सपाट होतो.

जाडीबद्दल बहुतेक जण घाई करतात. १ मि.मी.चं फायबर १० मि.मी. त्रिज्येत वाकवलं की बाहेरच्या कडेवर ५ टक्के ताण येतो. पीएमएमए, म्हणजे फायबरचं अॅक्रिलिक प्लास्टिक, एवढ्या ताणात कायमचं वाकडं व्हायला लागतं. ०.५ मि.मी.च्या फायबरवर तोच ताण २.५ टक्के होतो, म्हणून पट्ट्यात हे पातळ फायबरच घालावं. भोकात ते सैल बसतं, तेव्हा टोकांवर वायरचं सोललेलं आवरण चढवून बाहेरची जाडी २.२ मि.मी. करावी. हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, गरम हवेने आवळू नका. ते आवळण्याइतकी उष्णता फायबरला सोसत नाही, ८५ अंश सेल्सियसच्या वर त्याचा भरवसा नाही. पट्ट्याला इस्त्रीही फिरवू नये हे ओघानेच आलं.

नुसत्या गुळगुळीत फायबरमध्ये एवढ्या बाकाने प्रकाश फारसा सांडत नाही. म्हणून प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या बाजूला ३-४ मि.मी. भागावर ६०० ग्रिटचा (बारीक कणांचा) पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. बाहेरचा थर १ मि.मी.च्या फायबरवरही जेमतेम १० मायक्रॉनचा असतो, चार-पाच हात पुरे. जास्त घासलं की फायबर तिथेच तुटतं. घासलेल्या जागी घाम लागला तर आकडा सरकतो, तेव्हा नेफ्याचं आतलं कापड पाणी न पिणारं आणि काळं असावं.

टोकं धारदार ब्लेडने एका दाबात कापावीत. मग ६०० ग्रिट, १५०० ग्रिट आणि शेवटी ३ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (अतिबारीक घासायची पट्टी), इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत. पुसायला कोरडं कापड किंवा पाणी वापरावं. अॅसिटोनने फायबर विरघळतं. फेविक्विकसारख्या गोंदाने वाकलेल्या जागी बारीक तडे जातात आणि दोन दिवसांनी प्रकाश का कमी झाला याचा शोध सुरू होतो.

सर्किटमध्ये पहिली अडचण जास्त प्रकाशाची येते. फायबर मीटरला साधारण ०.२ डेसिबलच गिळतं. म्हणजे अर्ध्या मीटरच्या तुकड्यात प्रकाश जवळपास सगळा पोचतो आणि फोटोट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन अडकतो. फायबर कसंही वाकवा, आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर (त्याचं वाचन ० ते १०२३) आकडा १००० च्या आसपास गोठलेला. ५ व्होल्टवर एलईडीला १५० ओमचा रेझिस्टर लावण्याची सवय असते, त्याने २० मिलिअँपिअर जातात. इथे दीड किलोओमने, म्हणजे २ मिलिअँपिअरच्या आसपास सुरुवात करावी. फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर ५ व्होल्टला, एमिटर १० किलोओमच्या पॉटमधून (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरमधून) ग्राउंडला आणि आउटपुट एमिटरवर. श्वास सोडून शांत बसल्यावर आउटपुट २ ते अडीच व्होल्ट येईपर्यंत पॉट फिरवावा.

ट्यूबलाइटचा प्रकाश शिरला तर १०० हर्ट्झची लुकलुक सिग्नलवर चढते. त्यावर उपाय सोपा: २० मिलिसेकंदांत घेतलेल्या वाचनांची सरासरी काढली की ती जाते. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, म्हणजे ०.२ ते ०.३३ हर्ट्झ. ०.१ ते ०.७ हर्ट्झचा फिल्टर पुरतो आणि एलईडी तापल्याने आकडा हळूहळू घसरतो तो दोषही त्यातच निघून जातो. पडताळणी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजूनच करावी. बोलणं, खोकणं, चालणं यांत आकडा खोटा येतो आणि फिल्टरने तो सुधारत नाही.

एवढा खटाटोप का, ताणल्यावर जिचा विद्युतरोध बदलतो ती रबरी ताण-दोरी स्वस्त नाही का? घरच्या प्रयोगाला आहे. पण फायबरची खरी जागा एमआरआयमध्ये आहे, जिथे पट्ट्यात धातू नको आणि इलेक्ट्रॉनिक्स खोलीबाहेर ठेवता येतं. १० मीटर फायबरला २ डेसिबलच जातात. युरोपात २००६ साली सुरू झालेला ऑफसेथ प्रकल्प याच कामाचा होता, कापडात विणलेली फायबरं आणि एमआरआयमधला भूल दिलेला रुग्ण. आपला पट्टा मात्र रुग्णावर लावू नये. निदानासाठी वापरलं की ते वैद्यकीय उपकरण ठरतं आणि वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात.

खरेदीत दोन फसगती होतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत टॉसलिंकची, म्हणजे प्रकाशाने आवाज नेणारी, ऑडिओ केबल सहज मिळते. तिच्यातलं १ मि.मी.चं फायबर टोकं घासायचा सराव करायला झकास. तिच्या जोडीचा टॉसलिंक रिसीव्हर मात्र घेऊ नका, तो ० किंवा १ एवढंच सांगतो, कमी-जास्त प्रकाश सांगत नाही. दुसरी फसगत दूरसंचाराच्या काचेच्या फायबरची, संभाजीनगरजवळ शेंद्रा-वाळूजला बनतं तसलं. ९ मायक्रॉनच्या गाभ्यात या एलईडीचा प्रकाश शिरतच नाही म्हणा ना, आणि तुकडे कातडीत घुसतात. मूळ जोडी बहुतेकदा बाहेरून मागवावी लागते. सुट्या नगाला पाठवणावळ भारी पडते, तेव्हा त्याच पार्सलमध्ये आयएफ-डी९१ हा फोटोडायोडही घ्यावा. त्याला ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) लागतो, पण आकडे डी९२पेक्षा सरळ रेषेत येतात.