मजकूर तपासणाऱ्यांसाठी व्हीएस कोड

अप्पा बळवंत चौकातील प्रकाशकांसाठी मुद्रितशोधन करणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टचा २०१५ साली आलेला, मोफत मिळणारा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा टेक्स्ट एडिटर केवळ प्रोग्रामरांचा समजून सोडून देऊ नये, असे माझे मत आहे. त्याचे खरे बळ कीबोर्ड शॉर्टकटमध्ये आहे. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-डी दाबल्यास तो शब्द निवडला जातो आणि पुन्हा दाबत गेल्यास तोच शब्द पुढे जिथे जिथे आला असेल ती ठिकाणे एकेक करून निवडीत येतात, त्यामुळे ‘शनीवार’मधील चुकीची दीर्घ वेलांटी सगळीकडे एकदमच सुधारता येते. मात्र ही निवड पूर्ण शब्दापुरती असल्याने ‘शनीवारवाडा’, ‘शनीवारपासून’ अशी रूपे सुटतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, तेव्हा ही अडचण पावलोपावली येणारच. ती रूपेही हवी असतील तर आधी शिफ्ट आणि बाणाच्या कळीने शब्द स्वतः निवडावा. ऑल्ट आणि वरचा बाण दाबून अख्खी ओळ वर सरकवता येते, तेही सोयीचे. वर्डमध्ये कंट्रोल-डीने फॉन्टची खिडकी उघडत असल्याने सुरुवातीला बोटे अडखळतात. पण कंट्रोल-के आणि मग कंट्रोल-एस दाबल्यावर येणाऱ्या यादीत हव्या तशा कळा बदलून घेता येतात.