जुना ‘रिस्टोअर केलेला’ व्हाइस घेताय? आधी हे वाचा

एकूण ₹15,350 गेले. टोकन ₹4,000, माल सुटण्याआधी ₹10,500, ट्रान्सपोर्टचे ₹850. हातात आला तो ‘रेकॉर्ड’ या ब्रँडचा पाच इंची बेंच व्हाइस, म्हणजे टेबलावर बसवून काम घट्ट पकडायचा शिकंजा. सरकता जबडा मानेपाशी तडकलेला, चिरेत पुट्टी, वर निळा रंग.

व्हाइस नकली नव्हता. ‘रेकॉर्ड’ बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टनचं अस्सल ओतकाम, स्क्रूचे चौकोनी आटे शाबूत. मुंबईचा विकणारा म्हणाला, बंद कारखान्यातला माल आहे, सगळा खोलून रॉकेलने धुतलाय, नवं ग्रीस भरलंय. फोटोत तसंच दिसत होतं. मग संशय कशाचा घ्यायचा?

एकाच गोष्टीचा घ्यायला हवा होता, आणि ती आठवली की अजून डोकं फिरतं. मी त्याला म्हटलं होतं, जबड्यावर हातोडी मारून आवाज ऐकवा. अखंड बीड (ओतीव लोखंड) खणकन वाजतं, तडकलेलं बद्द. व्हिडिओ आला, पण त्यावर गाणं टाकलेलं! पुन्हा मागितला तर, ‘साहेब, पॅक झालाय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.’ चार हजार अडकलेले. माझ्या जागी कुणीही उरलेले पाठवले असते. टोकन देऊच नका, हे त्यासाठीच सांगतोय.

पट्टी धरून आवळली आणि रंगावर केसासारखी रेघ उमटली. खरवडलं तर पुट्टीखाली साध्या एमएस (माइल्ड स्टील) रॉडचं वेल्डिंग आणि त्याच्या कडेने नवी चीर. बिडावर असं वेल्डिंग टिकत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून तर झाकलं. ताजा जाड रंग दिसला की आधी खरवडू द्या म्हणा. रॉकेल लावून पुसा, वर खडू फासा. चीर असेल तर ओली रेघ उठते. उद्यमनगरात ब्रेझिंगचे (पितळ वितळवून सांधायचे) ₹2,200 सांगितले, तेही हमीशिवाय.

पोलीस ठाण्यात म्हणे, ‘माल मिळाला ना? मग दिवाणी बाब.’ अहो, दोष लपवून पैसे काढले, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? तक्रार घ्यायच्या ऐवजी सायबरकडे पाठवलं. 1930 वर फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक हेल्पलाइनवर विचारतात, पक्कं बिल आहे का? जुन्या मालाचं बिल कोण देतो? प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं, आणि त्या माणसाला एकानेही साधा फोन केला नाही.

व्हिडिओ, चॅट, पावत्या जपून ठेवा. त्याच विकणाऱ्याने आता ‘पार्किन्सन’ ब्रँडचा व्हाइस ₹18,000 ला विकायला काढलाय, तोही नुकताच रंगवलेला. बघायला जाणार असाल तर हातोडी आणि खडू घेऊनच जा.