२०१८चा लॅपटॉप : एसएसडी, रॅम आणि नवी पेस्ट घालून उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

मशीन २०१८चं आहे. आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. काम टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल, क्रोमचे पंधरा-वीस टॅब आणि अधूनमधून झूम. सुरू होऊन हाताशी यायला चार मिनिटं लागायची. मार्चमध्ये एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) बसवली, रॅम १६ जीबी केली, पंखा उघडून साफ केला आणि प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट बदलली. आता डेस्कटॉप पंधरा-वीस सेकंदांत येतो आणि आल्या आल्या क्लिक घेतो. पण या तिन्ही कामांचा फायदा सारखा नाही. कुठलं आधी करायचं ते मशीन स्वतःच दाखवतं, फक्त बघायला हवं.

मंद लॅपटॉप दुकानात नेला की हमखास उत्तर मिळतं, 'विंडोज मारून देतो.' फॉरमॅट मारल्यावर महिनाभर बरं वाटतंही, कारण स्टार्टअपला चिकटलेले प्रोग्रॅम गेलेले असतात. दोष डिस्कचा असेल तर तो जिथल्या तिथे राहतो, आणि तुमचे पैसे व एक दिवस जातो.

त्यापेक्षा लॅपटॉप सुरू झाल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, वाचनाचा वेग मात्र सेकंदाला १-२ एमबी, आणि रिस्पॉन्स टाइम कित्येकशे मिलिसेकंद असं दिसलं तर दुसरं काही शोधायची गरज नाही. यामागचं गणित सोपं आहे. ५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद. हेड त्या ट्रॅकवर सरकायला आणखी बारा-एक. म्हणजे विखुरलेल्या लहान फायली वाचताना सेकंदाला जेमतेम साठ वाचनं होतात, आणि ४ केबीचा एक तुकडा धरला तर वेग पाव एमबीच्या आसपास उरतो. विंडोज सुरू होताना नेमकं हेच करतं, हजारो बारीक तुकडे वाचतं. अशा डिस्कचा म्हणून सांगितला जाणारा सेकंदाला १०० एमबीचा वेग मोठ्या सलग फायलींपुरता खरा. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे हेच काम शेकडो पटींनी लवकर आटोपतं, म्हणून जुन्या डिस्कच्याच कनेक्टरवर बसणारी साधी साटा एसएसडीसुद्धा मशीनचा नूर पालटते.

त्याच बैठकीत डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ आणि सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) या तीन ओळी पाहा. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि निकाल बाकी असलेले सेक्टर. तो आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी-दुरुस्ती) नको, डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणं) तर नकोच. आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढा. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचा मारा केला की उरलेलंही जातं. फक्त सी७ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असेल तर बहुधा केबल किंवा कनेक्टर सैल असतो, डिस्क बिचारी ठीक असते.

एसएसडी घेण्याआधी मागचं झाकण उघडून जागा बघा. या पिढीच्या कित्येक मशीनमध्ये एम.२चा (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा) रिकामा स्लॉट असतो, पण काही स्लॉट फक्त साटा घेतात, जास्त वेगवान एनव्हीएमई नाही. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय एम.२ घेऊ नका. इथे ५०० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी घातली. ती ७ मिमी जाडीची असते. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल तर सोबतची प्लास्टिक चौकट लावा, नाहीतर कनेक्टरवर ताण येतो.

क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करण्यापेक्षा कोरी विंडोज टाकणं मला जास्त पटतं. सात वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर नेण्यात अर्थ नाही, आणि मूळ विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे इंटरनेट मिळताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. टॅलीचा डेटा फोल्डर आणि डिजिटल सहीचे ड्रायव्हर आधी बाजूला काढा. क्लोनच करायचं असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) बंद करून, रिकव्हरी की लिहून ठेवून मगच करा. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आरएसटीवरून एएचसीआयवर थेट बदललात तर निळी स्क्रीन येते. आधी सेफ मोड (कमीत कमी ड्रायव्हरवर चालणारी विंडोज) लावायचा, मग बायॉस बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये चालू करायचं आणि मग सेफ मोड काढायचा.

आता उष्णता. डिस्क शांत असूनही मशीन दहा मिनिटांनी ओढल्यासारखं चालू लागलं तर तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो लावा. प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे आणि वेग ३ गिगाहर्ट्झवरून दीडच्या खाली, असं दिसलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी हळू झालाय. बांधकामाजवळ किंवा मोठ्या रस्त्यालगत राहणाऱ्या पुणेकरांना हे लवकर भोगावं लागतं. पंखा काढल्यावर खरा प्रकार दिसला. पाती तशी बरी होती, पण पंखा आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यामधल्या फटीत धुळीचा अख्खा नमदा बसला होता, चिमट्याने सलग एका तुकड्यात निघाला. बाहेरून ब्लोअर मारला की हाच थर आणखी दाबला जातो, म्हणून पंखा सोडवायलाच हवा.

झाकणाचे स्क्रू ज्या क्रमाने निघतील तसे कागदावर चित्र काढून टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर हाताखालचं कव्हर फोडून वर येतो. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असू शकतात. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. काढताना उलट्या क्रमाने, लावताना सुलट्या, आणि प्रत्येक थोडा थोडा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. ते आणि पेस्ट पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. लॅपटॉपचा चिप उघडा असतो, म्हणून पेस्टचा पातळ थर सगळ्या चिपवर पसरायचा. पेस्ट घट्ट घ्या. पातळ पेस्ट तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत कडेला सरकते आणि काही महिन्यांत तापमान पुन्हा चढतं. शेजारच्या थर्मल पॅडच्या जागी पेस्ट चालत नाही, पॅड फाटला तर त्याच जाडीचा नवा लावा. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा.

झूम चालू असताना ९७ अंश होतं ते ८०वर आलं. मे महिन्यात दुपारी ८७पर्यंत गेलं, पण वेग पडला नाही. दिवाळीपर्यंत चार-पाच अंश वाढलेत, म्हणजे वर्षातून एकदा झाकण उघडणं आलंच.

एक वेगळाच आजार ओळखून ठेवा. मशीन थंड आहे, डिस्क मोकळी आहे, तरी प्रोसेसर ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलाय. अशा वेळी चार्जर बघा. काही कंपन्यांची मशीन चार्जर ओळखीचा नसला किंवा त्याची मधली बारीक पिन तुटली की मुद्दाम वेग बांधतात. चार्जर काढून बॅटरीवर वेग सुटला तर निदान पक्कं.

रॅमचा फायदा तिसऱ्या क्रमांकाचा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली कमिटेडचा (चालू प्रोग्रॅमना दिलेल्या मेमरीचा) आकडा बसवलेल्या रॅमच्या वर जात असेल तरच खर्च करा, कारण सध्या भाव चढे आहेत. ८ जीबीवर टॅली आणि एक्सेल निभावतात, क्रोम आणि झूम एकत्र आले की नाही. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये स्लॉट पाहून घ्या, काही मशीनमध्ये अर्धी रॅम बोर्डवरच डाग मारून (सोल्डर करून) बसवलेली असते. जुलैत एकदा मशीन चालू होऊन स्क्रीन काळीच राहिली. दमट हवेत रॅमच्या पट्टीचे संपर्क मळतात. पट्टी काढून पांढऱ्या खोडरबराने हलकं घासून पुन्हा बसवल्यावर लगेच चाललं.

एसएसडीची तक्रार एकच. स्वस्त जात असल्यामुळे ३०-४० जीबी एकदम कॉपी करताना तिचा कॅशे (लिखाणाची तात्पुरती वेगवान जागा) भरतो आणि वेग सेकंदाला ५०० एमबीवरून शंभराच्या खाली येतो. रोजच्या कामात हे जाणवत नाही, व्हिडिओ एडिट करणाऱ्याला जाणवेल. हेल्थ अजून ९९ टक्के दाखवते. डीफ्रॅगची गरज नाही, विंडोज ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणं) स्वतःच करतं. पंधरा-वीस टक्के जागा तेवढी मोकळी ठेवा.

खर्च करण्याआधी बॅटरी मात्र बघा. ट्रॅकपॅड वर उचलला गेला असेल तर ती फुगली आहे, तेव्हा वापर तिथेच थांबवा आणि आधी ती बदला.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत असल्यामुळे हे मशीन बायॉसमध्ये टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षा सोय) चालू करून ११वर नेलं. वरची दुरुस्ती झालेली असल्याने ते तिथेही अडखळत नाही. त्या यादीत न बसणाऱ्या सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट छान चालतं, पण टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. हिशेबाच्या जुन्या मशीनवर पैसे घालण्याआधी प्रोसेसरची पिढी तपासा.