पहिल्या पंधरवड्यातले चार किलो

वजन उतरवून देतो म्हणणाऱ्यांचा खरा धंदा पहिल्या पंधरवड्यात नसतो, तो तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. आधी तुम्हाला खूश करतात. मग काटा हलायचा थांबतो, तुमचा धीर सुटायला लागतो, आणि तिथून खरी वसुली. गोव्यातल्या फोंड्यात माझ्या बाबतीत हेच झालं, आमच्या महिला मंडळातल्या आणखी काहीजणींच्या बाबतीतही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रार चालू आहे, आणि ही माणसं चार महिन्यांनी पाटी बदलून दुसऱ्या गावात बसतात. तेव्हा नावापेक्षा पद्धत ओळखता आलेली बरी.

सुरुवात 'मोफत बॉडी ॲनालिसिस'ने होते. बाजारात टेबल, वर छत्री, गोड बोलणारी दोन मुलं. अनवाणी उभं राहायचं, हातात मुठी धरायच्या, यंत्र अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं आणि तिला किती अडथळा झाला त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. यंत्र खोटं नसतं, पण अंगात पाणी किती आहे यावर त्याचे आकडे हलतात. तहानलेल्या माणसाची चरबी ते वाढवून दाखवू शकतं. शेवटी एक चिठ्ठी निघते, तिच्यावर 'शरीराचं वय' छापलेलं असतं. मी चव्वेचाळीसची, माझं आलं 58. माझी वहिनी एकतिसाची, दिवसभर शाळेत पोरांच्या मागे धावते, तिचंही आलं 39. मंडळात चौकशी केली तर एकीचंही वय कमी आलेलं नव्हतं.

त्यानंतर केंद्रात नाव घालायचं. तीन महिन्यांचं पॅकेज 18,500 रुपयांचं: ढवळून प्यायच्या शेकच्या पावडरीचे डबे, 'हर्बल' चहा, आठवड्याला वजन आणि एक 'कोच'. आज भरले तर सवलत, उद्या नाही. पैसे यूपीआयने, तेही केंद्राच्या नावावर नाही, कोणा एका माणसाच्या खात्यावर. बिल मागितलं तर पिवळ्या कागदावर 'मेंबरशिप' एवढंच खरडून मिळालं. जीएसटी क्रमांक नाही, डब्यांची यादी नाही. '90 दिवसांत 10 किलो, नाहीतर पैसे परत' हे मात्र भिंतीवर हातभर अक्षरांत.

आता वजन कसं घेतलं ते नीट वाचा. पहिलं वजन घेतलं संध्याकाळी. ऑफिस सुटल्यावर मी थेट तिकडे गेले होते, दुपारचं जेवण, चहा आणि मिरचीची भजी पोटात, वर पावसाने ओला झालेला पंजाबी ड्रेस. त्यानंतरची सगळी वजनं सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी, हलक्या कपड्यांत. 'नियम आहे ताई.' माणसाचं वजन दिवसभरात किलो-दीड किलो सहज वरखाली होतं. म्हणजे काहीएक न करता माझा दीड किलो पहिल्याच सकाळी 'उतरला'. कोचने चिठ्ठीवर लाल पेनाने त्याला गोल केला.

बाकीचा हिशेब जेवणातून जुळवला. भात बंद, पाव बंद, मीठ जवळजवळ बंद, रात्री जेवणाऐवजी शेक. पिठूळ अन्नातली साखर आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवतं, सगळी मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम, आणि त्यातल्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात तोडला की चार-पाच दिवसांत हा साठा पाण्यासकट बराच खाली येतो. मीठ तोडलं की आणखी पाणी जातं. आम्हा गोव्याच्या माणसांचं तर विचारू नका. जूनच्या 1 तारखेपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, ताजी नुस्ती (मासळी) महाग, घरात पुरुमेताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला खारा बांगडा, सुकटाची किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तोरांचं, म्हणजे कैऱ्यांचं लोणचं. त्या दिवसांत आमच्या अंगात मीठ आणि पाणी मुळातच जास्त. ते एकदम तोडल्यावर काटा धडाधड उतरणारच. राहिलेलं काम चहाने केलं. पुडीमागच्या बारीक अक्षरांत सोनामुखी होती, म्हणजे सरळ जुलाबाचं औषध. त्याला नाव 'डिटॉक्स'.

पंधरवड्यात चार किलो गेले! केंद्राच्या ग्रुपवर माझा फोटो लागला, टाळ्या, फुलं, 'ताई रॉक्स'. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग काटा थांबला. एक आठवडा थांबला, दुसऱ्या आठवड्यात उलट सातशे ग्रॅम वर गेला. आणि कोचची भाषा बदलली. आधी प्रश्न, "ताई, बाहेरचं काही खाल्लंत का? खरं सांगा." मग निदान, "तुमचं मेटाबॉलिझम लॉक झालंय." मग उपाय, 4,200 रुपयांचा 'बूस्टर'. ग्रुपवर त्याच दिवशी दुसऱ्या तिघींचे उतरलेल्या वजनाचे फोटो, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे असं वाटावं. बूस्टरने हललं नाही तर पुढची पायरी: झिपच्या पाकिटात सुट्या कॅप्सूल. ना नाव, ना घटक, ना बॅच, ना मुदत. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही."

त्या घेतल्यापासून छातीत धडधड, तोंडाला कोरड, रात्रभर टक्क जाग. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे पहिल्या दिवशी त्यांच्या फॉर्मवर लिहून दिलेलं होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाकीट पाहिलं आणि तिथल्या तिथे बंद करायला लावलं. म्हणाले, भूक मारणारं सिब्युट्रामिन नावाचं औषध हृदयाला धोका म्हणून भारतात 2011 मध्ये बंद झालं, पण 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांमध्ये ते चोरून घातलेलं जगभर पुन्हा पुन्हा सापडलं आहे. तेव्हा लेबल नसलेली कॅप्सूल घरात ठेवू नका. जुलाबाच्या चहाने पोटॅशियम खाली जातं, ते वेगळंच. रक्ततपासणी लिहून दिली आणि मग शांतपणे म्हणाले, "बाय, चरब न्हय, उदक देंवलां तुजें." म्हणजे चरबी नाही, पाणी उतरलंय तुझं.

मी पतसंस्थेत काम करते, आकडे जुळवणं हेच आमचं पोटापाणी. म्हणून त्यांनी मला कागद दिला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. चार किलो म्हणजे 30,800. भागिले चौदा दिवस, रोजची तूट 2,200. आता माझ्यासारख्या बैठं काम करणाऱ्या बाईचा दिवसाचा सगळा खर्चच सतराशे-अठराशे. म्हणजे पंधरा दिवस अन्नाचा कणही न खाता पडून राहिले असते तरी चार किलो चरबी गेली नसती. हा हिशेब दहावी झालेल्या कोणालाही करता येतो, आणि केंद्रातल्या भिंतींवर एवढे तक्ते लावले होते, त्यात हा तेवढा नव्हता.

मग खरा वेग किती? रोज पाचशे-साडेपाचशे कॅलरींची तूट ठेवली, जी पाळता येण्यासारखी आहे, तर आठवड्याला अर्धा किलो. आणि पाण्यामुळे काटा रोज किलोभर इकडेतिकडे नाचतो. अर्धा किलो त्या नाचात दिसणार कसा? शनिवारी संकष्टीचा उपास सोडताना खारट-तिखट जेवलात, रविवारी किलो वर. पाळीच्या आधी वर. नव्याने चालायला लागलात, स्नायू दुखावले, त्यांनी पाणी धरलं, वर. चेकचं क्लिअरिंग व्हायच्या आधी पासबुक बघून रडण्यासारखं आहे हे. पहिले तीन-चार आठवडे चरबी जात असते आणि काटा ते सांगत नाही. हीच ती फट, आणि केंद्रवाले नेमके हिच्यात बसलेले असतात. जे अगदी सरळ, अपेक्षित आहे, त्यालाच ते बिघाड म्हणतात आणि दुरुस्तीचे पैसे मागतात.

ह्यात माझा सर्वांत जास्त राग त्या पहिल्या पंधरवड्यावर आहे. एकदा चार किलो 'गेलेले' पाहिले की आठवड्याचा अर्धा किलो अपमानासारखा वाटतो. नीट जेवून, चालून हळूहळू उतरवणारी बाईसुद्धा त्यानंतर म्हणते, माझं काही होत नाही. आमच्या मंडळातल्या एकीने ह्याच कारणाने चालणंसुद्धा सोडलं. तिचे पैसे गेले त्यापेक्षा हे वाईट.

पैसे परत मागितल्यावरची गंमत ऐका. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला मी माहेरी, माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधून केलेल्या छताखाली) बसून नेवऱ्या (करंज्या) आणि मोदकांच्या ताटाचा फोटो काढला आणि सवयीने ग्रुपवर टाकला, 'सगळ्यांना चवथीच्या शुभेच्छा' लिहून. महिन्याने गॅरंटीचा विषय काढला तेव्हा कोचने तोच फोटो मला परत पाठवला. नेवरीभोवती लाल गोल! 'डाएट ब्रेक झालं, गॅरंटी लागू नाही.' शिवाय चवथीच्या आठवड्यात वजनाला आले नाही, तोही नियमभंग. आता गोव्यात चवथीला घर सोडून काट्यावर उभी राहायला कोण येतं? पॅकेज पावसाळ्यात विकायचं आणि 90 दिवसांत चवथ गाठायची, म्हणजे गॅरंटी आपोआप मेली. हे योगायोगाने होत नसतं.

वर तोडगा हा: "ताई, तुम्हीच कोच व्हा. तिघींना आणा, तुमचे पैसे वसूल." तेव्हा कळलं, टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या अर्ध्याअधिक स्वतःचे अडकलेले पैसे सोडवायला बसल्या होत्या. माणसं जोडण्यावर कमाई देणाऱ्या अशा साखळ्या 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांत स्पष्ट बंद आहेत. मी कोणाला नेलं नाही, पण माझ्या वहिनीला नेणारी बाई आमच्याच वाड्यावरची, आणि त्या दोघींचं बोलणं आजही बंद आहे.

कागदोपत्री काय करता येतं तेही सांगते. लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपायांच्या कायद्याने बंदी आहे. परिशिष्टातल्या रोगांच्या यादीत लठ्ठपणा आहे. त्यातून सुटायला हे लोक आपल्या मालाला 'अन्न' म्हणतात. मग त्यावर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक लागतो, आणि पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. माझ्या डब्यावर ते छापलेलं होतं. तोंडाने मात्र साखर, थायरॉइड, गुडघे, सगळं बरं करत होते. पैशांसाठी आधी ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील सक्तीचा नाही. बिनलेबल कॅप्सूलसाठी बांबोळीचं अन्न आणि औषध प्रशासन.

1915 वरच्या तक्रारीनंतर न उघडलेले डबे त्यांनी परत घेतले आणि तेवढ्यांचे पैसे दिले. बाकीच्या पैशांसाठी आयोगाकडे अर्ज केला आहे. पिवळ्या कागदाचा तिथे फार उपयोग नाही. कामाला आली ती यूपीआयची नोंद, ग्रुपवरचे मेसेज आणि भिंतीवरच्या गॅरंटीचा वहिनीने सहज काढलेला फोटो. ग्रुपमधून रागाने बाहेर पडण्याआधी सगळं चॅट स्वतःला मेल करून ठेवा, नंतर मिळत नाही.

वजनाचं म्हणाल तर डॉक्टरांनी सहा महिन्यांत 5 टक्के एवढंच ठरवून दिलं आहे, म्हणजे माझ्या 78 किलोंत चारच्या आसपास. एवढ्यानेही रक्तदाबाला फरक पडतो म्हणतात. दुपारी भात आहे, एक वाटी मोजून. हुमण (माशाची आमटी) आहे, नारळ निम्मा. रात्री आठच्या आत जेवण, आणि ऑफिस सुटल्यावर फर्मागुडीचा चढ. काटा सकाळीच बघते, पण वहीत आठवड्याची सरासरीच लिहिते, रोजचा आकडा नाही. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीला टेप, कारण पाण्याची ये-जा कमरेच्या मापात काट्याइतकी दिसत नाही. बायकांना 80 सेंटिमीटरच्या आत यायचं असतं, पुरुषांना 90. पहिला महिना काट्यावर काहीच दिसलं नाही, टेप मात्र दोन सेंटिमीटर आत आली होती. सरासरी त्याच्यानंतर हलली.

सध्या तीच मंडळी नव्या नावाने म्हापशाकडे बसतात असं कानावर आलं आहे, यंत्र तेच, छत्री तीच. कोणी तुम्हाला टेबलाशी बोलावलंच, तर पैसे काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: पहिलं वजन किती वाजता घेणार आणि दुसरं किती वाजता; आणि छापील बिल कोणाच्या नावाने देणार.