पैसे चिपचे घेतले, चिप बसवलीच नाही: नाशिकमध्ये स्विच मॉड करून घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

माझे एकूण 12,800 रुपये गेले. 7,500 निन्टेंडो स्विच या गेमच्या कन्सोलचं लॉक उघडणाऱ्या ‘मॉड’ चिपचे आणि तिच्या सोल्डरिंगचे, 3,800 ‘512 जीबी’ मेमरी कार्डाचे आणि वर 1,500 ‘चिप परत सेट करायचे’. कन्सोलमध्ये चिप नाहीच. सोल्डरचा एक ठिपकासुद्धा नाही. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण प्रकार असा आहे की उद्या दुसऱ्या गल्लीतला दुसरा कुणीही हेच करेल, म्हणून सगळं सांगतो.

हा स्विच भावजींनी 2017 च्या दिवाळीत दुबईहून आणलेला. निन्टेंडो भारतात हा अधिकृतपणे विकत नव्हतं, त्यामुळे आपल्याकडे वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटर नाही, जे काय ते गल्लीतल्या दुकानदाराच्या भरवशावर. गेमचं एकेक कार्ट्रिज चार-साडेचार हजारांचं. नखाएवढी ती वस्तू, धाकट्याने एक चावून मोडली, एक प्रवासात हरवली. विकत घेतलेल्या गेम्सची कॉपी आत ठेवावी आणि लहानपणीच्या जुन्या गेम्स मुलांना दाखवाव्यात, एवढाच हेतू होता. चोरीच्या गेम्सचा धंदा करायला मी निघालो नव्हतो, हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण पुढे मलाच चोर ठरवलं गेलं.

एम. जी. रोडच्या पट्ट्यात चौकशी केली. बहुतेकांनी हात वर केले. एकाने मात्र चटकन ‘पिकोफ्लाय’चं नाव घेतलं, म्हटलं माणूस जाणकार आहे. ही चिप आरपी2040 या छोट्या कंट्रोलरच्या बोर्डावर चालते. तो सुटा बोर्ड काही शे रुपयांना मिळतो, खरे पैसे हाताचे. प्रोसेसरशेजारच्या बारीक कपॅसिटरवर फ्लेक्स केबल बसवायची, मेमरीच्या लाइनींना केसासारख्या तारा जोडायच्या, तेही मायक्रोस्कोपखाली. मी स्वतः अंबडला पॅनल बनवणाऱ्या कंपनीत आहे, सोल्डरिंग रोज बघतो, म्हणून 7,500 मला जास्त वाटले नाहीत. त्याने 9,000 सांगितले होते. काम बघू का विचारलं, तर ‘आत कुणालाच सोडत नाही, स्टॅटिकने बोर्ड जातो.’ हेही पटण्यासारखंच होतं. संध्याकाळी मोबाइलवर फोटो दाखवला, बोर्डावर चिप, तारा, सगळं. माझ्या जागी कुणीही विश्वास ठेवला असता.

कन्सोल हातात देताना तो म्हणाला, “दादा, फक्त एक करा. पूर्ण बंद करू नका. स्लीपवरच ठेवा. रीस्टार्ट तर अजिबातच नको.”

हेच ते वाक्य. तिथेच ओळखायला हवं होतं आणि तेच मला रात्र-रात्र छळतं. बोर्डावर सोल्डर केलेली चिप कन्सोलच्याच पॉवरवर चालते. कन्सोल चालू झाला की दर वेळी ती आपोआप काम करते, तिच्यासाठीच तर माणूस पैसे मोजतो. बंद केल्यावर जी नाहीशी होते ती चिप असूच शकत नाही. पण तो ज्या सहजतेने बोलला, जणू गॅस सिलेंडरचा कॉक बंद ठेवा सांगावं तसं, त्यात संशयाला जागाच नव्हती. कुणी तुम्हाला हे वाक्य ऐकवलं तर उरलेले पैसे देऊ नका आणि कन्सोल तिथेच काउंटरवर दोनदा बंद-चालू करून दाखवायला लावा.

काही आठवडे नीट चाललं. मग आम्ही गावाला गेलो, बॅटरी पार उतरली आणि चार्ज केल्यावर मूळचाच मेनू उघडला. दुकानात गेलो. त्याने उजवा जॉयकॉन, म्हणजे बाजूला लावायचा कंट्रोलर, सरकवून काढला, कन्सोल आत नेला आणि माझा चहा संपायच्या आत परत आणून दिला. “चिप हलली होती, सेट केली. पंधराशे.” इतक्या वेळात तर मागचा स्क्रूसुद्धा नीट निघत नाही. पैसे दिले, कारण मुलगा शेजारी उभा होता आणि तो हट्ट करत होता. पुढच्या वेळी तेच झालं तेव्हा म्हणाला, “चिप जळली, नवीन टाकावी लागेल, 5,500.” तेव्हा मात्र मी कन्सोल उचलला आणि निघालो.

आमच्या कंपनीत बोर्डाचं रिवर्क करणारा एक पोरगा आहे. त्याने जेवणाच्या सुट्टीत उघडलं. वाय आकाराचे स्क्रू कोरे, वरचं शील्ड कारखान्यातून आलं तसंच, फ्लक्सचा डाग नाही, थर्मल पेस्ट कुणी हलवलेली नाही. दुकानदाराने दाखवलेला फोटो स्विच लाइट या दुसऱ्या मॉडेलच्या बोर्डाचा निघाला. माझा बोर्डच तो नाही.

मग कळलं ते असं. 2018 च्या मध्यापर्यंतच्या स्विचमध्ये टेग्रा एक्स1 प्रोसेसरच्या बूटरॉममध्येच, म्हणजे चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, एक चूक राहून गेली आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये ती जगजाहीर झाली. ती सिलिकॉनमध्येच कोरलेली असल्याने कुठल्याही अपडेटने दुरुस्त होत नाही. अशा कन्सोलला चिप लागतच नाही. उजव्या जॉयकॉनच्या खाचेत प्लास्टिकचा छोटा जिग घालून दोन पिना शॉर्ट करायच्या, आवाज वाढवायचं बटण दाबून धरून चालू करायचं आणि यूएसबीतून लॉक उघडणारी एक फाइल पाठवायची. दोन मिनिटांचं काम. बंद केलं की परत पहिल्यापासून. तो आत जाऊन हेच करत होता, म्हणून उजवा जॉयकॉन काढत होता! माझा सिरियल नंबर बघून त्याला पहिल्या मिनिटाला कळलं असणार. तो नंबर खालच्या कडेला चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. दुकानात जायच्या आधी तो स्वतः तपासा, कोणत्या नंबरला चिप लागते आणि कोणत्याला नाही, त्याच्या याद्या कुणालाही मिळतात.

चिप आहे असं कुणी सांगत असेल तर मेमरी कार्ड काढून कन्सोल चालू करा. पिकोफ्लाय खरंच असेल तर कार्ड नसल्याचा तिचा स्वतःचा संदेश पडद्यावर येतो. सरळ निन्टेंडोचा मेनू आला तर समजा, चिप नाही.

कार्डही खोटंच. 512 लिहिलेलं, आत 64. तेवढं भरलं की पुढच्या गेम्स उघडत नाहीत. कार्ड घेतल्या घेतल्या संगणकावर एच2टेस्टडब्ल्यू चालवा, तो पूर्ण कार्ड लिहून-वाचून खरी क्षमता सांगतो.

आणि याहून मोठं नुकसान वेगळंच. त्याने अंतर्गत मेमरीचा बॅकअप घेतला नाही, वेगळी प्रत करून त्यावर काम केलं नाही, माझ्याच मूळ सिस्टिमवर चोरीच्या गेम्स टाकल्या, ज्या मी मागितल्या नव्हत्या, आणि दुकानाच्या वाय-फायला जोडला. आता एरर येतो 2124-4007. निन्टेंडोच्या ऑनलाइन सेवेवर या कन्सोलला कायमची बंदी. ऑनलाइन विकत घेतलेल्या माझ्या 9,600 रुपयांच्या गेम्स यावर परत डाउनलोड होणार नाहीत. त्या 12,800 मध्ये हे धरलेलेही नाहीत.

पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्या साहेबांनी आधी विचारलं, “खेळण्याची तक्रार आहे का?” मग पावती. पावती म्हणजे वहीतून फाडलेला कागद, त्यावर फक्त आकडा. म्हणाले, हा दिवाणी मामला. दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथे म्हणे रोख दिलेत, ऑनलाइन नाही, आमच्याकडे येत नाही. 3,800 यूपीआयने दिलेत हे दाखवलं, तर “तुम्हीच पाठवलेत ना, कुणी हॅक केलं का?” आणि शेवटी एकाने मान वर न करता सांगितलं, “लॉक तोडायला तुम्हीच गेलात. जास्त बोललात तर गुन्हा तुमच्यावरच लागेल.” एवढ्या लोकांसमोर! पन्नाशीचा माणूस, मुलासमोर मान खाली घालून बाहेर आलो. फसवणारा दुकानात बसून पुढचं गिऱ्हाईक घेतोय आणि दरडावणी मला.

हीच भीती या लोकांचं भांडवल आहे. कॉपीराइट कायद्याचं लॉक तोडण्याबद्दलचं 65अ कलम, 2012 ला आलेलं, मी वाचून काढलं. त्यात हक्कभंग करण्याचा हेतू असावा लागतो. माझा नव्हता. आणि न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाखालची फसवणूकच आहे, ती खेळण्याची असो की ट्रॅक्टरची. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी, पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवा, पोचपावती जपा. मी तेच केलं.

बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला कुणीही सांगितलं नाही. ‘बिल नाही तर तक्रार नाही’ हे ऐकून गप्प बसू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. पैसे यूपीआयनेच द्या आणि शेऱ्यात कामाचं नाव लिहा. देण्याआधी कन्सोलचा, स्क्रूचा आणि सिरियल नंबरचा व्हिडिओ काढा. बोर्डाचा फोटो मागाल तेव्हा शेजारी तुमच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी ठेवलेलाच मागा.

माझी तक्रार ग्राहक आयोगात दाखल झाली आहे. एकाच प्रकारे फसलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. नाशिकमध्ये कुणी चिपचे पैसे मोजले असतील आणि ‘बंद करू नका’ असं तुम्हालाही सांगितलं असेल, तर आज कार्ड काढून तपासा आणि वहीतला तो फाडलेला कागद टाकून देऊ नका, मला कळवा.